वृषभ शांत झाल्यानंतर

मी, चंदना अण्णासो मगदूम, वय ६८, धंदा समुपदेशन, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करते. 'कोणाच्याही दबावाखाली नाही' असं वाक्य वकिलांनी घातलं होतं, ते मी काढायला लावलं. दबाव आहे. तो हे मृत्युपत्र होऊ नये म्हणून आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. माझ्या पश्चात तो सून आदिती हिला एकटीला मिळावा. मुलगा वृषभ याचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही.

२. क्लिनिकमधल्या खुर्च्या आणि चिडलेली पोरं ज्यांना बुक्क्या मारत ते लोड चंदगडच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावेत. नणंद झुंबरबाई यांना काही नाही. प्रत्येक लग्नात त्यांनी माझी ओळख 'येड्यांची मास्तरीण' अशी करून दिली. मला ते लागलं, अजून लागतं.

३. वृषभ लहानपणापासून तापट. कपबशा फुटायच्या, शेजारचे बाळासो धावत यायचे, तोवर राग उतरलेलाही असायचा. लग्नानंतर मी त्याला क्लिनिकमधल्या पोरांसारखंच शिकवलं: श्वास घे, पाणी पी, आवाज खाली आण. तो सगळं शिकला. राग तेवढाच राहिला. आता तो हसून, हळू बोलतो, खोलीचं दार लावून घेतो आणि बाळासोंना काहीच ऐकू जात नाही. आदितीच्या मनगटाला प्लॅस्टर घातलं तेव्हा ती म्हणाली, "आई, ह्ये आधी वरडायचे तवा कळायचं तरी की. पळाय वेळ मिळायचा. आता कळतच न्हाय." मी म्हटलं, आजऱ्याला माहेरी जा. "भावांनाच जागा पुरंना तितं. कुठं जाऊ?" म्हणून फ्लॅट तिला.

४. वृषभला हे कळलं आहे. "बरं आई, तुझी मर्जी," एवढंच म्हणाला. तेव्हापासून माझ्या बीपीच्या गोळ्या तोच काढून देतो. त्या मी घेत नाही, डॉ. वर्षाराणींकडून वेगळ्या आणते. माझं मरण कितीही साधं दिसलं तरी त्यांनी तपासल्याशिवाय मला स्मशानात नेऊ नये.

५. अंमलबजावणी अ‍ॅड. पृथ्वीराज खोत यांनी करावी. वाचनाच्या वेळी बाळासोंनी हजर राहावं, दार सताड उघडं ठेवावं. वृषभ ओरडला, भांडी फेकली, तर घाबरू नये. ओरडू द्यावं. पण तो गप्प बसून ऐकत राहिला, तर कागद तिथेच टाकावा आणि आदितीला पुढे घालून बाहेर पडावं.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचलं आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: चंदना अण्णासो मगदूम

साक्षीदार:
१) डॉ. वर्षाराणी सूर्यवंशी
२) बाळासो चौगुले, शेजारी

कोल्हापूर, दि. १४ जुलै २०२५