खंडेनवमीचा कॅमेरा

जुळे सोलापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय उत्कर्षा,

फोन सोडून बाबा पत्र का लिहितात, असे तुला वाटेल. आपल्या दोन खोल्यांत फोनवर बोललेले सगळे स्वयंपाकघरात ऐकू जाते, म्हणून लिहितो आहे. यातले काही तुझ्या आईला कळू देऊ नकोस.

'बाबा, दिवाळीनंतर पंधरा दिवस पुण्याला या, आई बघेल आप्पा आजोबांकडे,' असे तू म्हणालीस, तेव्हापासून मी मनाने निम्मा तिकडेच आहे. खोटे कशाला सांगू? कारखाना बंद पडला, मागोमाग आप्पांना पक्षाघात झाला, आणि मग हा हॉल, त्यांचा पलंग आणि ही खिडकी एवढेच उरले. खिडकीतून निदान मोकळे मैदान दिसायचे. आता समोर इमारत उठते आहे. एकेक स्लॅब पडतो तसे आमच्या वाटणीचे आभाळ कमी होते. सकाळी जपाला बसलो आणि डोळे मिटले, तरी ती भिंत समोर येऊन उभी राहते.

तुझ्या कॅमेऱ्याने निदान त्या भिंतीकडे बघायला काही कारण दिले. तुझ्या बिल्डरला इमारत उभी राहतानाची टाइमलॅप्स फिल्म हवी, आणि आपली खिडकी नेमकी समोर. तू सांगितलेले सगळे पाळतो. ट्रायपॉड हलू नये म्हणून त्याच्या पायांपाशी फरशीवर तुझ्याच उरलेल्या नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत. टायमर दर पाच मिनिटांनी एक फोटो घेतो. उजेडाचे आकडे हातानेच बसवले आहेत, कारण आपोआपवर ठेवले तर फिल्म लुकलुकते. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. पहिल्यांदा सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो ओळीने लावून चालवले, तेव्हा ढग असे धावले की आप्पासुद्धा वाकड्या तोंडाने हसले. "लई पळतंय की," म्हणाले.

आता खंडेनवमीचे सांगतो. गावाकडे त्या दिवशी आपण कुळव, विळे, खुरपी धुऊन पुजायचो. कारखान्यात माग पुजला जायचा. यंदा माझ्याकडे हत्यार एकच, तुझा कॅमेरा. ट्रायपॉडसकट उचलून तो देवघरापाशी नेला, हॉलकडे तोंड करून ठेवला, हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. तुझी आई म्हणाली, "अवो, त्याच्याम्होरं गूळखोबरं कशाला? त्याला काय तोंड हाय?" मी म्हटले, "डोळा हाय की." पुजलेले हत्यार त्या दिवशी चालवायचे नाही, त्याला विसावा द्यायचा. म्हणून दसरा उजाडेपर्यंत तो तिथेच राहू दिला. टायमर बंद करायचे मात्र राहून गेले.

परवा फोटो लॅपटॉपवर घेताना मध्येच काळ्या फोटोंचा गठ्ठा लागला. आकडे बाहेरच्या उन्हाला बसवलेले, घरात अंधारच येणार. पुसूनच टाकणार होतो. पण सहज सॉफ्टवेअरमध्ये उजेड वाढवला, तर आपला हॉल वर आला. चालवून पाहिले. अख्खा दिवस चार-पाच सेकंदांत संपला. मी दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. फुलांना गेलो, औषधांना गेलो, शिवाय सात रस्ता चौकात चहाला. इकडे तुला फोनवर मीच म्हणतो की मी कोंडला गेलोय! आप्पा पलंगावर. आणि तुझी आई पलंगाभोवती. उशाशी, पायाशी, पुन्हा उशाशी. मी सोमवारी सिद्धेश्वराला प्रदक्षिणा घालतो गं, पण ती झाली की माणूस देवळाबाहेर पडतो.

एका फोटोत ती दाराशी उभी आहे. हिरवी साडी, पायात चपला, हातात ओटीचे ताट. रूपाभवानीला निघाली होती. पुढच्या फोटोत पाय अनवाणी, ताट टीव्हीशेजारी, आणि पदर खोचून ती आप्पांची चादर बदलते आहे. त्यानंतर ती दाराकडे गेलेली कुठेच दिसत नाही. मी चहा पिऊन आलो तेव्हा विचारले होते, "झालं का देवीचं?" ती म्हणाली, "व्हय, झालं की." तुला पाठवलेल्या खोबऱ्याच्या वड्या त्याच ताटातल्या नारळाच्या.

तेव्हा माझे तिकीट काढू नकोस, तिच्या नावाचे काढ. मला यायचे नाही असे नाही. पण मी जा म्हटले, तर "आप्पांचं कोन करंल?" म्हणून ती उठून स्वयंपाकघरात जाईल. म्हणून तूच फोन कर. तुला बरे नाही, आई हवी आहे, असे सांग. खोटे बोलावे लागले तर बोल, त्याचे मी देवाशी बघून घेतो. आप्पांची कूस कशी वळवायची, त्यांना न उठवता चादर कशी ओढून काढायची, ते मी त्या फोटोंवरून शिकतो आहे, एकेक फोटो थांबवून. ती निघेल त्या दिवशी कॅमेरा खिडकीसमोरून काढून दाराकडे तोंड करून ठेवणार आहे. इमारतीचा आणखी एक दिवस चुकेल. बिल्डरला तेवढे तू सांभाळून घे.

तुझाच,
बाबा