डबी माझी नाही, एवढंच सांगते

पासिर रिस, सिंगापूर
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप सुलेखामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

या अक्षरांचा अर्थ मी बाबांना विचारला. त्यांनाही सगळा आला नाही, पण एवढं लिहिलं की मोठी माणसं खूश होतात म्हणाले.

आपलं डील ठरलं तसं कागदावर, मराठीत, हातानं लिहिते आहे. तू दातांना तपकीर लावणं सोडायचं आणि मी तुला पत्रं लिहायची. माझं काम सुरू झालं. तुझं कसं चाललंय? खरं सांग, लाह.

आता प्रॉब्लेम. तू परत जाताना विमानतळावर माझ्या हातात दिलेली तपकिरीची डबी मी घरी येऊन कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या नळीत, टाकणार होते. पण शूट स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात आई आहे. आई कायम आहे. म्हणून डबी ड्रॉवरमध्ये मोज्यांखाली ठेवली. मग आईनं माझे मोजे आवरले. आजवर कधी आवरले नव्हते, पण शाळेत पालकांचं वर्कशॉप झालं, व्हेपिंग आणि टीनएजर्सचं मानसिक आरोग्य यावर. तिथून ती एक पुस्तिका घेऊन आली आणि तेव्हापासून घरातलं सगळं आवरते आहे.

तिनं मला शांतपणे विचारलं. मी म्हणाले, डबी माझी नाही, मी त्यातलं काही घेत नाही, कुणाची ते सांगणार नाही. कारण तुला शब्द दिलाय. तुला माहितीये, मी शाळेत पीअर सपोर्टर आहे. मुलं मला मनातलं सांगतात आणि मी ते कुणाला सांगत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मोठ्यांना सांगायचं, असा नियम आहे. मावशी, तुझ्या जिवाला धोका आहे का? नसेल तर मी गप्प.

आई म्हणते, परीक्षा संपेपर्यंत सांगितलं नाहीस तर शाळेला कळवून तुझं पीअर सपोर्टरचं काम बंद करायला लावीन. मावशी, मला ते काम फार आवडतं. मला नीट येणारी ती एकच गोष्ट आहे. तू स्वतः आईला सांगशील का? नाही सांगितलंस तरी चालेल. (नाही चालणार. पण प्रेशर द्यायचं नाही असं शिकवलंय.)

लोभ वाढवावा, तपकीर घटवावी ही विनंती.
तुझी
इरा


सातारा
१८ सप्टेंबर २०२५

चि. इरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, मजकूर भयंकर आहे.

आधी तपकिरीचं. सोडली. सोडल्यापासून इतकी सात्त्विक झाले आहे की दूधवाल्याशी भांडले, केबलवाल्याशी भांडले, आणि गणपतीच्या आरतीत टाळ वाजवणाऱ्या मुलाला बाहेर काढलं. तल्लफ आली की दीर्घ श्वास घे म्हणालीस. घेते. श्वास घेतला की खालच्या मजल्यावरच्या तंबाखूच्या गादीचा वास थेट मेंदूत जातो. तुझ्या शाळेतल्या तज्ज्ञांनी एकदा हा श्वास साताऱ्यात येऊन घ्यावा.

आता आईला सांगायचं. बाळ, मी आमच्या महिला मंडळाच्या व्यसनमुक्ती समितीची अध्यक्ष आहे. तुझ्या बाबांची सिगरेट मी सोडवली. म्हणजे लग्नात, बारशात, वास्तुशांतीत, जिथं सापडले तिथं चारचौघांत त्यांचा उद्धार करून सोडवली. ही पद्धत तुमच्या शाळेत शिकवत नसतील. माझ्या सुटकेसमध्ये हिंगाष्टकाच्या लेबलाखाली काय होतं, हे तुझ्या बाबांना, श्रीनिवासरावांना, कळलं तर ते हसणार नाहीत. हसले तर मी सोसेन. ते नुसते समजूतदारपणे मान डोलावतील. ते मला सोसायचं नाही.

माझ्या जिवाला धोका नाही. अब्रूला आहे, पण त्याची तुमच्या नियमात सोय दिसत नाही.

तू असं कर, जायफळाची पूड आहे म्हणून सांग. किंवा शाळेच्या प्रयोगासाठी मातीचा नमुना. मी तुला खोटं बोलायला शिकवत नाही, नुसतं सुचवते आहे. तुझ्या आईचा राग दुधासारखा आहे, वर येतो आणि खाली बसतो. थोडा धीर धर. आणि ते तुमचं सिंगापुरी लाह पत्रात लिहू नकोस, कुणाला हाक मारल्यासारखं वाटतं.

अभ्यास कर, जेवत जा, आणि मावशीवर आहे तेवढी माया असू दे.
तुझी
सुलेखामावशी


पासिर रिस
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
मधुवंतीचा सा. न.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि तू फोनवर इतकी मोठ्यानं बोलतेस की शेजारच्या मिसेस टॅनला मराठी समजायला लागलंय.

इराच्या ड्रॉवरमध्ये एक डबी सापडली. आत पूड आहे. कसली ते मी लिहीत नाही, तूही विचारू नकोस. तुझ्या इथल्या मुक्कामाशी त्याचा काही संबंध नाही, हे उघडच आहे. ती म्हणते डबी माझी नाही. कुणाची, ते सांगत नाही. शाळेतून एक पुस्तिका आणली आहे, तिच्यात धोक्याची लक्षणं दिली आहेत: दार बंद असणं, तुटक बोलणं, जेवताना लक्ष नसणं. इरात सगळी आहेत. श्रीनिवासमध्येही सगळी आहेत, पण त्याची शाळा कुठं शोधू?

पुस्तिका म्हणते, मुलांशी समोर बसून बोलू नका, गाडी चालवता चालवता सहज विषय काढा. आमच्याकडे गाडी नाही. म्हणून श्रीनिवास तिला एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, तांजोंग पगारला घेऊन गेला आणि काही काम नसताना परत घेऊन आला. येताना त्यानं धीर करून विचारलं, की बाळा, तुला आतून कसं वाटतंय. डबा चिडीचूप होता. समोर बसलेला एक मुलगा मराठी निघाला, वेदांत नावाचा, चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत आहे. तो म्हणाला, काका, मला विचाराल तर मला फार एकटं वाटतं. मग श्रीनिवास त्याचं ऐकत बसला. तो पोरगा सिमेईला उतरायचं विसरून आमच्याबरोबर पासिर रिसला आला आणि आता दर रविवारी जेवायला येतो. इरानं बापाला अभिप्राय दिला, की तुम्ही ऐकता चांगलं, पण मधे सल्ले फार देता.

हसू येतं, ताई, पण रात्री झोप येत नाही. ती खोटं बोलणारी पोर नाही, म्हणूनच भीती वाटते. दुसऱ्या कुणाचं ओझं सांभाळते आहे, की तिनं स्वतःच चव घेऊन पाहिली? माझ्यापाशी बोलत का नाही? तिच्याकडे वर्गातली सगळी मुलं मन मोकळं करतात आणि ती माझ्याकडे करत नाही, हे मला लागतं. परीक्षा संपली की शाळेला लिहायचं ठरवलं आहे. तिचं ते काम जाईल. जाऊ दे, म्हणते मी. मग तिचं तोंड बघते आणि म्हणवत नाही.

तू मोठी आहेस. काय करू ते सांग. तुझ्याखेरीज हे कुणाला विचारण्यासारखं नाही.

सदैव तुझ्या मायेची भुकेली,
मधू


सातारा
२ ऑक्टोबर २०२५

चि. मधू हिस अनेक आशीर्वाद.

शाळेला एक अक्षर लिहू नकोस. डबी माझी आहे, आत तपकीर आहे, आणि ती मी दातांना लावत होते. आता पाणी पी आणि पुढं वाच.

तुझ्या त्या देशात तपकिरीला बंदी आहे, हे मला इरानं सांगितलं. तुमच्याकडे असताना एकदा बाथरूममधून मी बाहेर आले तर पोरगी दाराशी उभी. मला वाटलं, आता व्याख्यान होणार. मी एवढी व्याख्यानं दिली आहेत, एखादं ऐकायची तयारी केली. तर तिनं नुसतं विचारलं, कधीपासून, आणि कधी लावावीशी वाटते. आणि गप्प बसली. मी बोलत सुटले, मधू. हे गेल्यापासून दुपार खायला उठते, असलं काहीबाही बोलले. तिनं मधे एकदाही पण हा शब्द काढला नाही. आपल्या घराण्यात हे आजवर कुणाला जमलेलं नाही.

मी तिला जायफळ सुचवलं होतं. तिचं उत्तर आलं, चार ओळींचं. खोटं सांगणार नाही, तुझं नावही सांगणार नाही, उद्या परीक्षा आहे, तू काळजी घे. काळजी घे म्हणते! माझ्यापायी जिची आवडती गोष्ट जाणार, ती मला काळजी घे म्हणते. ताटावरून उठून हे लिहायला बसले.

समितीचा राजीनामा घेऊन उपाध्यक्ष निशिगंधाबाईंकडे गेले. त्यांनी तो वाचला, दाराला कडी घातली आणि स्वतःच्या पर्समधून मिश्रीची पुडी काढून दाखवली. राजीनामा नामंजूर. आमची समिती आता कुठं कामाला लागली आहे.

श्रीनिवासरावांना सांगायचं तर सांग. ते काय म्हणाले, ते मात्र मला कळवू नकोस.

इराला जवळ घे. माझ्यावर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी
ताई


पासिर रिस
१३ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप ताईस,
सा. न.

डबी तुझी आहे, हे मला झाकण उघडल्याबरोबर कळलं होतं. तो वास मी दहावीत असल्यापासून ओळखते. आईला माहीत होतं, भावोजींना माहीत होतं. तू न्हाणीघरात गेलीस की बाबा रेडिओ मोठा करायचे, ते बातम्यांसाठी नव्हे. तू मोठी, म्हणून आम्ही कुणी पाहिलं नाही. श्रीनिवासला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. तू सिगरेटवर बोलायला लागलीस की तो मान खाली घालायचा, ती शरमेनं घालतो असं तुला वाटायचं. तो आता काय म्हणाला ते तुझ्या आज्ञेप्रमाणे लिहीत नाही.

मला भीती एकच होती, की तुझी डबी मागं राहिली आणि पोरीनं बोट घालून पाहिलं. पण तुला विचारावं कसं? विचारलं असतं, तर मला माहीत आहे हे तुला कळलं असतं. म्हणून पंचावन्न वर्षांच्या बहिणीची लाज राखायला मी पंधरा वर्षांच्या मुलीला धारेवर धरलं. हे लिहून काढल्यावर किती मूर्खपणाचं दिसतं!

परीक्षा संपली त्या दिवशी तिला खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांवर, घेऊन गेले आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ओके लाह. तिचं काम तिच्याकडेच आहे. मला वाटलं, झालं, आता उठावं. तर तिनं विचारलं, आई, तुझं कसं चाललंय. मी सवयीनं म्हणाले, मजेत. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दल तू लिहिलंस ते अगदी खरं आहे. मी बोलत गेले. ताटलीतले नूडल्स तसेच राहिले.

काय बोलले ते श्रीनिवासला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. घाबरण्यासारखं नाही, पण बरीच वर्षं आत होतं. आता ते इराकडे आहे. पुढच्या पत्रात तू तिला खोदून खोदून विचारणार, हे मी जाणून आहे. खुशाल विचार. ती सांगणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी
मधू