उजवीकडची जागा

तुळजापूर,
शुक्रवार, फेब्रुवारी १९५८

प्रिय प्रमोदिनी,

तुझं कार्ड काल पोचलं. ते ह्यांच्या नावानं होतं, उत्तर मात्र मी लिहिते आहे. राग आला तर येऊ दे. इंजिनातलं तेल कधी बदलायचं, चाकांच्या तारा कशा तपासायच्या, सकाळच्या गारठ्यात चोक किती ओढायचा, हे सगळं तू बारीक अक्षरात लिहिलंस आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, ‘चारूला सप्रेम नमस्कार’. सोलापूरच्या शाळेत एका बाकावर बसून एका डब्यात जेवलेल्या मैत्रिणीला नुसता नमस्कार आणि मोटारीच्या तेलाला अर्धं कार्ड. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तू उगाच माझा चांगुलपणा शोधत बसणार नाहीस.

खरं तर मी दिवाळीपासूनच जळते आहे. तू वडिलांची जुनी मोटार घेऊन एकटी घाट चढून देवीच्या दर्शनाला आलीस, आमच्या दारात उतरलीस, पदर खोचून बॉनेट उघडलंस आणि रेडिएटरला पाणी मागितलंस. पाणी द्यायला हे स्वतः धावले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पाण्याचा तांब्या ह्यांनी कधी आपला आपण भरून घेतलेला मी पाहिला नव्हता. मग ओसरीवर तुमच्या गप्पा रंगल्या. हैदराबादला वकिली शिकताना एका नवाबाचा मुलगा दोनच जागांची, वरून उघडी मोटार उडवत जायचा आणि हे फुटपाथवर उभे राहून बघायचे, ही गोष्ट ह्यांनी तुला सांगितली. मला ती कधीच सांगितली नव्हती. तू म्हणालीस, मग घेऊन टाका की. जहागिऱ्या गेल्यापासून तसल्या गाड्या पडून आहेत, ठेवणाऱ्यांना ओझं झाल्यात, आपल्या ऐपतीत बसेल अशी मी शोधून देते. हे लहान मुलासारखे हसले. मी पोह्यांच्या बशा उचलून आत गेले, आणि आत गेल्यावर पहिला विचार आला तो असा, की दोनच जागा, म्हणजे एक ह्यांची, आणि दुसरी?

तो विचार गाडी येईपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. गावातल्या लोकांना वेगळीच काळजी. अंबादास वकील मोटार घेणार, हे ठीक. पण तीत माणसं मावायची नाहीत, सामान मावायचं नाही, ऊन-पाऊस अडायचा नाही, मग ती घ्यायची कशाला? मजेसाठी, असं हे सांगत. मजेसाठी मोटार ही गोष्ट कोर्टाच्या आवारातसुद्धा कुणाला पटेना. आमच्या सासूबाई, मथुराबाई, तर दारात येईल त्याला ऐकवत, दोघांचीच गाडी म्हणं, मग मी कुठं बसू, टपावर? तर टप पण न्हाय म्हणतात.

पहिली गाडी बघायला आपण मुरुमला गेलो ते आठवतं ना? तुझ्या मोटारीत पुढं तू आणि हे, मागं मांडीवर डबा धरून मी. जाताना सगळा वेळ मी तुमच्या दोघांच्या पाठी बघत होते. तू खड्डा आला की त्यांना सांगायचीस, हे मान डोलवायचे. मी काही बोलले तर वाऱ्यात ऐकू जायचं नाही. मुरुमला शरणबसप्पांच्या अडतीत ती हिरवी गाडी उभी होती. तू चक्कर मारून बघते म्हणालीस, हे शेजारी बसले आणि तुम्ही धूळ उडवत निघून गेलात. मी अडतीतल्या पोत्यावर बसले. शरणबसप्पांची बायको शिवकांता मला चहा देऊन समोर बसली आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, अक्का, त्या बाई तुमच्या मालकांच्या कोण लागत्यात? मी म्हटलं, त्यांच्या कोणी नाहीत, माझी मैत्रीण आहे. ती हूं म्हणाली. प्रमोदिनी, त्या एका ‘हूं’नं माझा चहा कडू झाला. तुम्ही परत आलात तेव्हा तू अंबाड्यातला आकडा काढून दाराच्या आतल्या लाकडात खुपसलास, तो आरपार गेला. आतला सगळा लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्लेला. हे तुझ्याकडं असे बघत होते, जसं कोर्टात उलटतपासणी जिंकणाऱ्या वकिलाकडं बघतात. मला वाळवीचा आनंद झाला. गाडी मिळाली नाही म्हणून मी येताना गुणगुणतसुद्धा होते.

कळंबची काळी गाडीही तशीच हुकली. ती सुरू करताच मागून निळा धूर निघाला आणि तू लगेच नको म्हणालीस. काळा धूर असता तर पेट्रोल जास्त जातंय एवढंच, निळा म्हणजे तेल जळतंय, इंजिन खोलावं लागेल, आणि स्वस्तात घेतलेली गाडी मग महागात पडेल. हे तू ह्यांना समजावून सांगत होतीस. मला कुणी समजावलं नाही, तरी बघ, शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे.

त्यानंतर तू आणि तुझा दादा हैदराबादला एक गाडी बघून आलात, आणि ती पक्की करायला ह्यांना घेऊन गेलात. मला या वेळी कोणी चल म्हणालं नाही. लांबचा प्रवास, तुला झेपायचा नाही, असं हे म्हणाले. दादा बरोबर होता हे मला माहीत होतं. तू कशी आहेस हेही माहीत होतं. पण माहीत असून काय उपयोग? पोळ्या लाटताना डोळ्यांपुढं तेच यायचं, तुझा हात गिअरच्या दांडीवर आणि हे शेजारी. मग एका दुपारी महाद्वाराच्या रस्त्यावर गलका झाला आणि ती लाल, विलायती एम. जी. मोटार गावात शिरली. दादा मागच्या मोटारीत, आणि पुढं उघड्या गाडीत, डोक्याला रुमाल बांधून चालवणारी तू. काच खाली पाडलेली, केस विस्कटलेले, आणि आमचे वकीलसाहेब तुझ्या डाव्या हाताला टोपी सांभाळत बसलेले. पुजाऱ्यांच्या आळीतल्या बायका दारांत उभ्या होत्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तुला ओवाळलं खरं, पण त्या रात्री तुझ्या ताटात भाकरी वाढताना माझा हात जरा आपटलाच. तो मुद्दाम आपटला होता.

आता दुसऱ्या दिवशीच्या पूजेचं. तुला वाटलं असेल, सारं तात्यांमुळं झालं. तात्या म्हणजे आमचे चुलत सासरे, देवीचे जुने पुजारी. त्यांच्यापुढं ह्यांची वकिली चालत नाही. गाडीची पूजा सपत्नीक, म्हणाले, आणि जोडप्यानं गाडीत बसूनच करायची. हे आपले उजवीकडं चढायला लागले. तात्यांनी अडवलं, देवकार्यात बायको उजव्या अंगाला असते, एवढंही ठावं न्हाय का? हे म्हणाले, तात्या, उजवीकडं स्टिअरिंग आहे. तात्या म्हणाले, इंग्रजानं कुठं काय ठेवलं ते मला सांगू नका, बाई उजवीकडं. लोक हसले, पण तात्यांचा शब्द मोडणार कोण? अशी मी चाकामागं बसले, आणि हे डावीकडं, मांडीवर नारळाचं ताट घेऊन. चारी टायरांखाली लिंबं ठेवली. तात्यांनी आणखी बजावलं, लिंबं चिरडेपर्यंत जोडप्यानं उठायचं न्हाय. मागून चार जण ढकलायला उभे राहिले. तू पलीकडं हात जोडून उभी होतीस.

त्यांनी ढकलायच्या आत मी किल्ली फिरवली. स्टार्टरची मूठ ओढली, डावा पाय दाबला, दांडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पाय हळूहळू सोडला. मुरुमच्या रस्त्यावर मागं बसून मी तुमच्या पाठी बघत होते असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. अर्धा वेळ मी पुढं वाकून तुझे पाय बघत होते. नंतर कितीतरी दिवस स्वयंपाकघरात पाटावर बसून, डाव्या हातात पळी धरून, मी तेच करत होते. सासूबाई विचारायच्या, पाय दुखतो का ग? गाडी निघाली, प्रमोदिनी. लिंबं चिरडली. आता थांबायचं होतं, पण मला थांबावंसं वाटलं नाही. चढावर ती गुरगुरत जात होती, समोर काच नाही, तोंडावर वारा, आणि हातातलं ते चाक मी जरा वळवलं की अख्खी गाडी वळत होती. ह्यांनी एका हातानं दार आणि एका हातानं नारळ धरला होता. ते म्हणत होते, चारू, अगं, चारू. लग्नानंतर एवढ्या वेळा माझं नाव त्यांनी घेतलं नसेल.

द्वारकाबाईच्या नारळाच्या दुकानापुढं गाडी आचका देऊन बंद पडली. माझे केस सुटले होते, कपाळावरचं कुंकू वाऱ्यानं पसरलं होतं, आणि मी हसत होते, मला ते आवरेना. द्वारकाबाईनं मला बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडली, आई राजा उदो उदो. झालं. वकिलीणबाईंच्या अंगात आलं, देवीचं वारं आलं, असं म्हणत बायका धावल्या. कुणी पायांवर पाणी घालायला बघू लागली, पण पाय दाराच्या आत. कुणी बसल्या जागी माझी ओटी भरली. सासूबाईंनी धापा टाकत येऊन गाडीच्या लाल पत्र्यावर डोकं टेकलं. एकीनं मला विचारलं, माझ्या लेकाला नोकरी कधी लागंल? गाडी मागं कशी न्यायची हे मला येत नव्हतं, म्हणून माणसांनीच ती ढकलत घरापर्यंत नेली, मला आत बसवून. तात्या पुढं घंटा वाजवत होते. त्या सगळ्या गर्दीत तू एकटी तोंडाला पदर लावून हसत होतीस. माझा पाय क्लचवर नीट पडला हे फक्त तुलाच कळलं होतं. दादा आदल्या दिवशीच मोटार घेऊन परतला होता, म्हणून तू संध्याकाळच्या एस.टी.नं गेलीस आणि कार्डात त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीस, म्हणून मला आणखी राग आहे.

हे त्या दिवसापासून माझ्याशी जपून बोलतात. देवीला मानत नाहीत असं नाही, पण माझ्या अंगात काय आलं होतं ते त्यांनी शेजारी बसून बघितलं आहे. मी एकदा म्हटलं, मला चालवायला शिकवा. तर म्हणाले, एकदा झालं ते पुरे, लोक काय म्हणतील? किल्ली ते कोटाच्या खिशात ठेवतात. रोज एकटे धाराशिवला कोर्टात जातात, संध्याकाळी एकटेच नळदुर्गाच्या रस्त्याला लागतात आणि लाल चेहऱ्यानं परत येतात. डावीकडची जागा रिकामी असते. बसतेस का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. दिवाळीपासून जिच्यासाठी जीव जाळला, ती जागा समोर आली आणि मला ती नको होती. स्वतःचंच नवल वाटलं.

आणि आता कशासाठी लिहिते आहे ते सांगते. सासूबाईंनी देवीपुढं बोलून टाकलं आहे, की दर मंगळवारी सून गाडी घेऊन महाद्वारापर्यंत जाईल आणि दर्शन करून परत येईल. तात्यांनी होकार दिला. आईपुढं आणि तात्यांपुढं ह्यांचं काही चालत नाही, त्यामुळं कोटाच्या खिशातली किल्ली काल रात्री सासूबाईंच्या देव्हाऱ्यात गेली. महाद्वाराचा रस्ता उताराचा आहे, मंगळवारी तिथं मुंगीलासुद्धा वाट नसते, आणि मला पहिल्या गिअरपलीकडं काही येत नाही. ब्रेक कोणता हे ठाऊक आहे, पण किती दाबायचा ते ठाऊक नाही. म्हणून रविवारी पहिल्या एस.टी.नं ये. नळदुर्गाच्या रस्त्यावर जाऊ, तू आणि मी. ह्यांना मी घरी ठेवते आहे. ब्रेक, दुसरा गिअर, मागं घेणं, सारं शिकव, आणि मी चुकले तरी चाकाला हात लावू नकोस. तुझ्यावरचा राग गेला म्हणून बोलावते आहे असं समजू नकोस, तो तसाच आहे. फक्त तो कशाचा होता ते मला चढावर कळलं. इतके महिने मी घोकत होते की तू ह्यांच्या शेजारी बसलीस. तू कुठं बसली होतीस? हे तुझ्या शेजारी बसले होते.

तुझीच, आणि अजूनही तुझ्यावर जळणारी,
चारुशीला