हाल्याच्या कागदाचं दुसरं कुलूप

जेल, पाकिस्तान
६ नोव्हेंबर २०२३

ती. दक्षाताईस,
तुषारचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. बोट पकडली तेव्हा पायाला लागलं होतं ते भरून आलं. आमच्या बराकीत ओखा-वेरावळकडचे खलाशी जास्त, त्यामुळे माझी गुजराती आता तुझ्या सासूबाईंपेक्षा चांगली झाली आहे, सांग त्यांना. दिवसभर आम्ही मणी ओवतो. मी सगळे निळे मणी संपवले म्हणून एक म्हातारा माझ्यावर रुसला, मग त्याने काय केलं तर... ते राहू दे, आधी कामाचं.

आमच्या बोटीवरचा हाल्या, चिखल्याचा. आपल्याकडे जेवून गेला होता, तुला वहिनी म्हणू की ताई यावर अडून बसला होता तो. त्याची तब्येत उतरली आहे. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते, बसूनच झोपतो. इथे औषध देतात. पण आजारी माणसांना आधी सोडतात, आणि सोडायचं तर आपल्या देशाकडून हा आमचाच माणूस असं उत्तर यावं लागतं. माझं आलं, आता मी सुटकेच्या यादीची वाट बघतोय. त्याचं आलं नाही. पकडल्यावर नाव विचारलं तर ह्याने हाल्या सांगितलं. कागदावर तो मनिष. शाळेत मास्तरांनी ठेवलेलं नाव, घरात त्या नावाने कोणी कधी हाक मारली नाही. त्यामुळे चिखल्यात चौकशीला आलेल्यांना हाल्या नावाचा माणूस कुठल्याच कागदात सापडला नाही.

दोन्ही नावं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याने डहाणूला केलं होतं. ते बोटीबरोबर गेलं. पण निघताना मी सगळ्यांच्या कागदांचे फोटो काढले होते, ते माझ्या ईमेलच्या खात्यात आहेत. पासवर्ड उघड लिहितो: डोंगऱ्या२०१४, इंग्रजी अक्षरांत. पत्र तपासणाऱ्या साहेबांनीही लिहून घ्यावा, हरकत नाही. खात्याला दुसरं कुलूप आहे. पासवर्ड टाकला की माझ्या नंबरवर आकडा येतो, तो दिल्याशिवाय दार उघडत नाही. सुरतेला असताना कोणीतरी माझ्या खात्यात घुसून सगळ्यांना घाणेरडी चित्रं पाठवली होती, शेठच्या बायकोलासुद्धा. नोकरी गेली. त्यानंतर लावलं, तेव्हापासून कोणी आत आलेलं नाही. माझा फोन गेला, पण सिम माझ्या नावाचं आहे. डहाणू रोडला दुकानात दुसरं मागून घे, आकडा तुझ्याकडे येईल.

मुलांना पापे. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा, पाय न ठरणारा,
तुषार


झरी, ता. तलासरी
२८ डिसेंबर २०२३

चि. तुषारास,
दक्षाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मुलांना सासूबाईंकडे ठेवून डहाणू रोडला गेले. तुझ्या गुजरातीचं त्यांना सांगितलं, म्हणाल्या आधी घरी ये, मग परीक्षा घेते.

दुकानातला मुलगा चांगला होता, बसायला स्टूल दिलं. पण दुसरं सिम द्यायचं तर ज्याचं आहे त्याने स्वतः यायचं, अंगठा द्यायचा. मी म्हटलं तो पाकिस्तानच्या जेलात आहे. मुलगा म्हणाला की ताई, तरी त्यांनाच यावं लागेल. शिवाय नंबर इतके महिने बंद, तो आता दुसऱ्या कोणाला दिलेलाही असेल. पासवर्ड बरोबर आहे, तेवढं घरी येऊन पाहिलं. पुढे तुझं कुलूप. चोराला आवरतं ते बहिणीलाही आवरतं.

मग चिखल्याला हाल्याच्या बायकोकडे, तानीकडे गेले. बोंबील वाळत घालत होती. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं की तो झोपतो ना नीट. मी हो म्हटलं. आता ते तुलाही सांभाळावं लागेल.

चिखल्यात चौकशीला आलेल्या ऑफिसातल्या साहेबांना सरपंचांचं पत्र नेऊन दिलं, ते त्यांना पुरत नाही. दोन्ही नावांचा शिक्क्याचा कागदच हवा, आणि तो नव्याने करायला हाल्याच लागतो. आत जायची दुसरी वाट असेल तर आठव. डोकं मण्यांत घालू नकोस.

सांभाळून राहा, आमची माया तिकडे पोचतेच आहे.
तुझी ताई


जेल
१० फेब्रुवारी २०२४

ती. दक्षाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तपासायला मराठी वाचणारा माणूस मिळेपर्यंत पडून होतं. तानी वहिनीला सांगितलंस ते बरं केलंस.

दुसरी वाट होती. कुलूप लावताना ईमेलवाल्यांनी दहा जास्तीचे आकडे दिले होते, फोन हरवला तर वापरा, जपून ठेवा म्हणून. मी जपून ठेवले. फोटो काढून, त्याच खात्यात. हे हाल्याला सांगितलं तर तो इतका हसला की पुढे खोकला थांबेना, मग मलाच शिव्या खाव्या लागल्या. पेटीची किल्ली पेटीत टाकणारा माणूस त्याने बोटीवरच ओळखला होता म्हणे.

पण त्यावरून एक आठवलं. माझा जुना फोन, काच तडकलेला, मी तलासरी नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या उमेशला विकला होता. नाका म्हटलं की मला तिथला वडापाव आठवतो, चटणी... असो. विकताना माझं खातं त्यातून काढायचं राहिलं. तो फोन चालू असेल तर आकड्याची गरजच नाही. तू पासवर्ड टाकलास की त्या फोनवर प्रश्न येईल, आत येणारा तूच का. हो दाबायचं. बस.

लवकर जा ताई. त्याला परवा इस्पितळाच्या बाजूला हलवलं. जाताना स्वतःची वाटी मला देऊन गेला, परत घेतो म्हणाला.

इथे तुझ्याशिवाय कोणाला लिहू, तेव्हा लोभ ओढून धर.
तुषार


झरी
३० मार्च २०२४

चि. तुषारास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

कागद मिळाला. आधी तेच लिहिते.

उमेश भेटला, पण फोन त्याची बायको संगीता वापरते. ती देईना. तुझ्या भावाने फसवून विकला, बॅटरी फुगते, आता परत न्यायला आली का, असं चालू झालं. तुझ्या वतीने मी सगळं ऐकून घेतलं. मग हाल्याचं सांगितलं. तिचा भाऊही पोरबंदरकडे बोटीवर आहे. आतून फोन आणून माझ्या हातात ठेवला.

माझ्या फोनवर पासवर्ड टाकला आणि तिकडे तो प्रश्न आला, आत येणारे तुम्हीच का. उमेश माझ्याकडे बघत राहिला. मी हो, मीच म्हणून दाबलं. मग सगळं उघडलं, तुझे निम्मे फोटो कुत्र्यांचे आहेत. त्यांच्यात हाल्याचा कागद, मनिष उर्फ हाल्या, शिक्का स्पष्ट.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात दिला. साहेबांनी वाचला, हेच पाहिजे होतं म्हणाले, वर पाठवला. तानीला सांगितलं तर ती कित्येक महिन्यांनी हसली. म्हणाली, येऊ दे समोर, जेवण नंतर, आधी विचारते स्वतःचं नाव सांगता येत नाही का. घर सारवायला काढलं आहे.

त्याला हे वाचून दाखव. सगळ्यांची माया आहे.
तुझी ताई


जेल
१४ मार्च २०२४

ती. दक्षाताईस,
न. वि. वि.

ताई, हाल्या गेला. मंगळवारी सकाळी.

मला बोलावून नेलं, हा कोण म्हणून विचारलं. मी दोन्ही नावं सांगितली. चेहरा असा झाला होता की मलाही एकदा जवळ जाऊन बघावं लागलं. पण माझ्या एकट्याच्या सांगण्यावर चालत नाही. त्याला घरी पाठवायचं तर तिकडून कागदही यायला हवा, आणि घरच्यांनीही ओळखायला हवं.

तुझं उत्तर अजून नाही. कागद मिळाला नसेल तर शोधायचं सोडू नकोस. मिळाला असेल तर जप, आता त्याला आणायला तोच लागणार. तानी वहिनीला हे पत्राने कळवू नकोस, तू स्वतः जा.

आज आणखी काही सुचत नाही. तुमचा लोभ राहू दे.
तुषार


झरी
२ मे २०२४

चि. तुषारास,
आशीर्वाद वि. वि.

तुझं मार्चातलं पत्र परवा हातात पडलं. म्हणजे मी तो कागद दिला तेव्हा तो नव्हताच. काल चिखल्याला गेले. माझ्या आधी ऑफिसातले दोघं येऊन बसले होते. तिकडून फोटो आला होता, तो तानीला दाखवायचा होता. मला काही सांगावं लागलं नाही.

साहेब हळू बोलत होते. कागद आहे, नावं जुळली आहेत, आता घरच्या माणसाने हो म्हटलं की मृतदेह मागवता येईल, असं त्यांनी दोनदा समजावलं. तानीने हात पुसले, फोन घेतला, उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ बघितलं. मीही बघितलं. तोच होता.

तिने फोन परत दिला. म्हणाली, "हा माझा माणूस नाही. माझा एवढा बारीक नाही. हा कोणाचा आहे त्याच्या बायकोला कळवा, ती वाट बघत असेल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते पुन्हा येतो म्हणून गेले. तिचं हो आल्याशिवाय तो तिथेच राहणार.

निघताना तिने दारापर्यंत येऊन सांगितलं, तुषारला लिही, हाल्याला दोन घास जास्त घालत जा म्हणावं. मी लिहिते म्हटलं, म्हणून लिहिलं.

जिवाला जप.
तुझी ताई