सकाळी दहाला ओढलेले टायर

पुएन्ते व्हिएहो, टेक्सास
४ मे २००७

चि. नाझारिओस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

खटला ९ जुलैला उभा राहणार हे आता पक्कं झालं. तुझ्या वकीलबाईंनी काल दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. मी त्यांना जास्त बोलू दिलं नाही. आपले फोन सरकार ऐकतं असं समितीचं मत आहे, तेव्हा तूही यापुढे पत्रच लिही. कोर्टाने तुला नदीपासून पन्नास मैलांच्या आत यायला बंदी केली आहे, म्हणजे इथे तुझ्या नावाने काय चाललंय ते मलाच कळवायला हवं.

‘नाझारिओच्या पाठीशी’ समितीची मी अध्यक्ष झाले. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलं, पण ही मोठी माणसं त्यांच्याहून वाह्यात. तुझा गणवेशातला फोटो शर्टांवर छापलाय. पोट दिसत होतं म्हणून छातीपर्यंतच घेतला. शनिवारी चर्चच्या अंगणात कोंबडी भाजून थाळ्या विकल्या. जो तो एकच म्हणत होता: सीमा राखणाऱ्या पोरावर खटला, आणि सीमा ओलांडून येणाऱ्या तस्कराच्या पायाला सरकारी प्लास्टर! उत्तरेकडून एक रेडिओवाला आला होता. नदीकडे बघून त्याने विचारलं, यातला मेक्सिकोचा काठ कोणता. बोलला मात्र तासभर, आणि फार छान.

माझं छप्पर अजून अर्धंच आहे. छप्पर घालणारा लिबोरियो नाताळला नदीपलीकडे घरी गेला, फेब्रुवारीत येतो म्हणाला, त्याचा पत्ता नाही. ताडपत्री रोज फडफडते. कुणीही उठतो आणि नदी ओलांडून येतो असं आम्ही दर सभेत ओरडून सांगतो. मग माझाच माणूस तेवढा कसा येत नाही?

बायकोला सांग, मला भात कमी वाढ. माझ्या मनात तुझी जागा आहे तिथेच आहे.

तुझी,
एउफेमियाआत्या


सान आंतोनिओ
१३ मे २००७

ती. आत्यास,
नाझारिओचा सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायको फोटोच्या गोष्टीवर इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. मी इथे ठीक आहे. सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये गाड्यांचं तेल बदलतो. गिऱ्हाइकं मला ओळखतात, हात हातात घेतात आणि सोडत नाहीत. काल एकाने माझ्यासमोर डोळे पुसले. मला कुठे बघावं कळेना.

आत्या, एक विनंती आहे. सभेत त्या माणसाला तस्कर म्हणू नका. त्याच्याजवळ एक झोळी होती. झोळीत मोजे, हातोडी आणि सुक्या मिरच्यांची पुडी होती. हे मी अहवालातही लिहिलं आहे, पण तो भाग कुणी वाचत नाही.

आणि छपरासाठी दुसरा कुणी बघ. लिबोरियोची वाट पाहू नकोस.

तुझ्या शिव्यांची सवय आहे, त्या बंद करू नकोस.

नाझारिओ


पुएन्ते व्हिएहो
२२ मे २००७

चि. नाझारिओस,
आशीर्वाद, थोडे रागाचे.

सुक्या मिरच्यांवर भाषण करता येत नाही रे बाळा. लोक तस्कर शब्दालाच टाळ्या देतात. शिवाय पाटी रंगवून झाली.

वकीलबाईंनी म्हणे तुला सुचवलंय की गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी होईल. खबरदार! समितीत हे कळताच गोंधळ झाला. कांद्यांच्या वखारीचे मालक आबुंदिओ म्हणाले, पोरगा कबूल झाला तर आपल्या मोर्च्याचं काय? त्यांनी परवा घणाघाती भाषण केलं. सरकार झोपलंय, एकेकाला पकडून परत धाडा, उद्याच धाडा. खाली उतरले आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, नाझारिओच्या गस्तीवरच्या जुन्या दोस्तांना जरा सांगाल का, कांदा भरून होईपर्यंत आमच्या वखारीकडे फिरकू नका म्हणून.

ओहायोहून एक म्हातारं जोडपं आपणहून सीमा राखायला आलंय. घडीच्या खुर्च्या, दुर्बीण, थर्मास. रविवारी त्यांनी काठावरच्या चाळीस घुसखोरांची खबर दिली. गस्तीच्या तीन गाड्या धावल्या. तो निघाला आपल्या रेफुख्योच्या नातीचा बाप्तिस्मा. गाडीतल्या पोरांनी केक खाल्ला आणि परत गेली.

दुसरं काय, छप्पर. तीन माणसं बघितली. एक शिडीवर चढायलाच घाबरतो. लिबोरियो येणार नाही हे तुला कुणी सांगितलं? तुमच्याकडे त्याची काही खबर आहे का? असेल तर कळव. त्याच्यावर मी रागावले असले तरी तो माझ्या ओट्यावर बसून तीन उन्हाळे जेवलाय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या


सान आंतोनिओ
३ जून २००७

ती. आत्यास,
सा. न. हे पत्र बसून वाच.

तू विचारलंस म्हणून सांगतो. ज्याचा पाय मोडला तो लिबोरियोच आहे. कागदोपत्री त्याला ‘जखमी इसम’ म्हटलंय, म्हणून गावात कुणाला कळलं नाही.

तो बांधाच्या रस्त्यावरून चालत होता. मला बघून पळाला. मी चार चाकांची मोटरसायकल त्याच्या आडवी घालायला गेलो आणि त्याच्यावरच घातली. मुद्दाम नाही. पण जोरात. खाली पडल्यावर मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळखलं. ओरडायच्या आधी त्याने विनवलं की एउफेमियाबाईंना सांगा, उशीर झाला, पण येतोय.

मी रुग्णवाहिका बोलावली. अहवालात लिहिलं, इसम पळताना चरात पडला. मग मोटरसायकलच्या चाकांच्या खुणा दिसू नयेत म्हणून गाडीमागे टायर बांधून सबंध रस्ता ओढला. आम्ही रोजच ओढतो, धूळ सपाट व्हावी आणि रात्री कोण गेलं त्याची पावलं सकाळी उमटलेली दिसावीत म्हणून. पण ते काम सूर्य मावळायच्या आधी करायचं असतं. घाईत मी ते सकाळी दहाला केलं. अकरा वर्षांच्या नोकरीत कुणी सकाळी दहाला टायर ओढलेले मी पाहिले नाहीत. गस्तीवरच्या माझ्या जोडीदाराने आरशासारखा सपाट रस्ता बघितला आणि काही न विचारता साहेबांकडे गेला. गाव त्याला फितूर म्हणतं. तो फितूर नाही, त्याला काम येतं.

सरकार हलकट आहे, लोकांची बाजू घेत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणू देत. पण माझ्या बाबतीत सरकारने फक्त अहवाल वाचला.

मी ९ जुलैला गुन्हा कबूल करणार आहे. वर्षभर आत जावं लागेल, नोकरी तर गेलीच. लिबोरियोला साक्षीसाठी कोठडीत ठेवलंय. मी कबूल झालो की साक्षीची गरज नाही, त्याला परत धाडतील. त्याचाही मी अपराधी आहे. समितीला सांगणं मला जमणार नाही. तुला सांगणंच कठीण गेलं.

रागावलीस तरी पत्र लिही.

नाझारिओ


पुएन्ते व्हिएहो
११ जून २००७

नाझारिओ,

पत्र मिळालं. आज समितीची सभा आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

आत्या


पुएन्ते व्हिएहो
१ जुलै २००७

चि. नाझारिओस,
आशीर्वाद. मध्यंतरी लिहिलं नाही. शब्द सापडत नव्हते, आणि मला ते कधी कमी पडत नाहीत हे तू जाणतोस.

सभेत मी तुझं पत्र वाचून दाखवलं, तुला न विचारता. आबुंदिओंनी वर छताकडे पाहिलं. त्यांचं छप्परही लिबोरियोनेच घातलंय. रेफुख्योचंही. त्या खोलीतल्या बाराजणांपैकी नऊजणांचं. कुणीतरी म्हणालं, माणूस बरा होता. दुसऱ्याने सुनावलं, मग कायद्याने यायचं होतं. तिसऱ्याने विचारलं, कायद्याने आला असता तर तुला त्याची मजुरी परवडली असती का. पुढची वीस मिनिटं मी सगळ्यांना आवरायला भांड्यावर डाव आपटत होते.

शेवटी ठराव झाला. प्रश्न एका माणसाचा नाही, देशाचा आहे. मोर्चा निघणारच. फक्त शर्टांवर दुसरा फोटो येईल. पश्चिमेकडच्या एका अधिकाऱ्यावर खटला चाललाय, तो कबूल होणार नाही अशी त्याच्या भावाने हमी दिली आहे. तुझे उरलेले शर्ट वखारीतल्या कांदा भरणाऱ्यांना वाटले. सकाळी पन्नासजण तुझा चेहरा छातीवर घेऊन शेतात जातात. त्यातल्या किती जणांकडे कागद आहेत, ते तुला मी सांगणार नाही.

मी अध्यक्षपद सोडलं. तू खोटं लिहिलंस याची मला चीड आली, अजूनही आहे. ते मी तोंडावर सांगेन. मंगळवारी कोठडीत जाऊन लिबोरियोला भेटले. काचेपलीकडे बसला होता, कुबड्या टेकून. तुझ्याबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. त्याची बायको एउदेलिया सीमा ओलांडायचा परवाना काढून ९ तारखेला कोर्टात येणार आहे. ती इथे कुणाला ओळखत नाही, म्हणून मी तिच्याशेजारी बसणार आहे. मला तुझ्या बाजूच्या बाकावर शोधू नकोस.

मोर्च्याच्या गाड्या आठला निघतील. मी सहाची बस धरणार. नऊला तुला पुकारतील आणि जज्ज विचारतील, गुन्हा कबूल आहे का. उत्तर एकाच शब्दाचं आहे. मान खाली घालून पुटपुटू नकोस. एउदेलियाला ऐकू आलं पाहिजे.

तुझीच, अजूनही,
एउफेमियाआत्या