चार आठवडे की सहा

३ फेब्रुवारी
डाव्या कानापुढचे टाके निघाले. गाठ पूर्ण काढली, म्हणतात. पण अहवालात एक ओळ जास्तीची आहे – एका बारीक मज्जातंतूभोवती कॅन्सरच्या पेशी. त्वचेचा कॅन्सर ना तू? मग त्वचेवरच राहायचं सोडून आत कशाला शिरतोस, मेल्या!
किरणोपचार लागणार.

५ फेब्रुवारी
किरणोपचाराचे डॉक्टर तरुण, सभ्य, फार हळू बोलणारे. कागदावर माझं डोकं काढून दाखवलं. नाक भलतंच लांब!

रस्ते दोन. एक, इलेक्ट्रॉनचा वरवरचा मारा, फक्त व्रणावर आणि आजूबाजूला. चार आठवडे. दुसरा, यंत्र डोक्याभोवती फिरत किरण सोडतं, तंतूचा माग काढत कवटीच्या तळापर्यंत. सहा आठवडे.

"दुसऱ्यात तोंडाचं काय?"
"लाळ आटेल. जीभ सोलवटेल. काही महिने बोलायला त्रास होईल."

बोलायला! एप्रिलअखेर लवादापुढे सुनावणी आहे. छापखान्यातल्या चारशे माणसांच्या नोकऱ्या. वीस वर्षं त्यांच्या वतीने मीच बोलत आलेय.

"तुमचा सल्ला?"
"दुसरा. पण पहिला चूकच आहे, असं नाही म्हणणार."
एवढी फट मला पुरते.

८ फेब्रुवारी
वाचनालयातून किरणोपचाराचं जाडजूड पुस्तक आणलं. तीन प्रकरणं झाली. डोळे चुरचुरतात. थकवा असा की चप्पल काढायलाही खाली वाकवत नाही.

११ फेब्रुवारी
आज डॉक्टरांसमोर बाजू मांडली. तंतू बारीक, एकच, गाठीच्या कडा स्वच्छ. एवढ्यासाठी अख्खं तोंड जाळायचं? पुस्तकातली पानंच उघडून ठेवली. ते ऐकत होते. मग विचारलं, "टाक्यांजवळचं सोडून चेहऱ्यावर कुठे बधिर वाटतं?"
"नाही." खरंच नाही वाटत.
"मग चार आठवडे चालतील. मनापासून हो म्हणत नाही, पण चालतील."

बाहेर येताच लेक भडकली. "आई, ते डॉक्टर आहेत, छापखान्याचे मालक नाहीत! वाटाघाटी काय करत होतीस?"
घरी नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "तुला हरवणारं कुणी भेटत नाही, हीच पंचाईत आहे."
मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल.

१२ फेब्रुवारी
झोपून काढला दिवस.

१५ फेब्रुवारी
आज मास्क केला. उपचाराच्या वेळी डोकं हलू नये म्हणून. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर ताणून बसवतात. थंड झाली की ती चेहऱ्याचा आकार धरते. मी तंत्रज्ञबाईंना त्यांच्या कामाचे तास विचारत होते. त्या म्हणाल्या, "ताई, आता तोंड मिटा. नाहीतर जाळीत तुमचं भाषणच उमटायचं!" हसू आलं. त्यात पहिली जाळी वाया.

दुसरी बसवली. "फार गरम नाही ना?"
कपाळ गरम. उजवा गाल गरम. हनुवटीची उजवी बाजू गरम.
डावी – काहीच नाही.

खालचा ओठ अर्धाच माझा होता. टाक्यांपासून केवढा लांब! बोलता येत नव्हतं. डोळे मिटून पडून राहिले. जाळी काढल्यावर तोंड मोकळं झालं, तरी बोलले नाही.

घरी बर्फाचा खडा लावून पाहिला. उजवीकडे झिणझिणलं. डावीकडे, दुसऱ्याच कुणाच्या हनुवटीला लावल्यासारखं.

१६ फेब्रुवारी
कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. आता गप्प बसले तर मात्र ते खोटंच. पेशी त्या तंतूवरून आत निघाल्यात, हे कळायला पुस्तक उघडायची गरज नाही. तरी उघडलं! पळवाट शोधत होते. चारशे घरं एका बाजूला आहेत म्हणते – पण खरं सांगू? मला माझा आवाज हवा आहे. सभागृह शांत होतं ना, तो क्षण हवा आहे. माणसांची नावं पुढे करून मी स्वतःसाठी भांडतेय. असल्या पुढाऱ्यांना मी भर सभेत सोललंय.
नवरा दोनदा खोलीत डोकावून गेला. 

१७ फेब्रुवारी
सकाळी डॉक्टरांना फोन केला. एकच वाक्य बोलले.  मग – "आजच या. एमआरआय करू. बहुतेक सहा आठवडे."
"हो," म्हणाले. वाद घातला नाही.

१८ फेब्रुवारी
एमआरआयमध्ये दिसलं. सोमवारपासून सहा आठवडे. आयुष्यात पहिल्यांदा भाषण लिहून काढतेय – दुसऱ्या कुणाच्या तोंडासाठी. सुनावणीत माझ्या जागी छापखान्यातली एक पोरगी बोलणार. वाक्यं आखूड ठेवलीत. तिला दम कमी आहे.