घरचा बोर्ड

अण्णा, तुमची पाणसळ सापडली. कांदिवलीचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती, तुम्ही गुंडाळायचात त्याच पिवळ्या फडक्यात. वीतभर लांब, टोकांना पितळ, मधल्या काचेत हिरवट पाणी आणि त्यात तो बुडबुडा. मी ती इथे जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध थांबत नाही, डावीकडे सरकतो. तुम्ही असता तर पायाखाली काहीतरी सारल्याशिवाय जेवायला बसला नसता. मी तसाच लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि जे सांगायचं राहिलंय ते त्याच्याही कितीतरी आधीचं आहे.

आपल्या घरात सगळ्याच गोष्टींना पाणसळ लागायची. अंधेरीच्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभं राहून तुम्ही घरी यायचात आणि चहा होईपर्यंत स्वयंपाकाचा ओटा तपासायचात, जणू सकाळपासून तो हलला असेल. आई म्हणायची, "आता माझ्या भाकरीलाही लावून बघा एकदा." तुम्ही हसायचा नाहीत. म्हणायचात, "भाकरीला गरज नाही. पाणसळ तुझ्या हातातच आहे." हाताबद्दल तुम्ही असं बोलायचात. कोणाचा हात चांगला, कोणाचा उतावळा, कोणाचा खोटा. माझ्या हाताबद्दल तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत, आणि मी ते ऐकायची वाट पाहत चोवीस वर्षांचा झालो होतो.

मंडळाची ती खोली आठवते. बारा बाय दहाची, वर पत्रे, भिंतीवर दोन ट्यूबलाइट, मध्ये लाकडी स्टँडवर कॅरम बोर्ड. फरशी तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी रविवारी रविवारी खपून घातली होती, आणि पावसात पाणी आत आलं तर बाहेर जावं म्हणून तिला दाराकडे उतार दिला होता. पाणी त्या उताराने नेमकं जायचं. पण स्टँडसुद्धा दाराकडे कलायचं आणि त्याच्यावरचा बोर्डही. त्यावर उपाय म्हणून तुम्ही एक सागवानी पट्टी रंधून घेतली होती, सहा इंच लांब, एका कडेला थोडी निमुळती. सामन्याआधी बोर्डाची दाराकडची कड उचलायची, स्टँड आणि बोर्ड यांच्यामध्ये पट्टी सारायची, मग पाणसळ आधी उभी, मग आडवी ठेवायची. बुडबुडा मधोमध आला की समोरच्या संघाच्या कप्तानाला बोलवायचं. "या, बघून घ्या." त्याने मान हलवल्याशिवाय पावडर पडायची नाही. उपनगरातल्या मंडळांच्या त्या साखळी स्पर्धेत असं करणारा दुसरा कप्तान नव्हता. बाकीचे सगळे आपापल्या बोर्डाचं वाकडेपण जपून ठेवायचे. घरच्या बोर्डाचा फायदा म्हणजे दुसरं काय असतं?

त्या वर्षी आपली अवस्था वाईट होती. आपण चौघे. पोस्टमन आणि रिक्षावाला एकेरी खेळायचे, तुम्ही आणि मी दुहेरी. तीनपैकी दोन लढती जिंकल्या की सामना. सहा सामन्यांत आपण एक जिंकला होता, तोही समोरचा संघ अर्धाच आला म्हणून. पहिल्या गटातल्या आठ संघांत आपण शेवटचे होतो आणि शेवटचा संघ खालच्या गटात जाणार होता. एरवी त्याचं एवढं काही नव्हतं. पण मंडळाच्या सेक्रेटरीने दिवाळीनंतर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "अण्णा, तुमचा मान आहे म्हणून थांबलोय. पहिल्या गटात राहिलात तर खोली तुमची. खाली गेलात तर जूनपासून इथे व्हिडिओ पार्लर लागेल. पार्टी तयार आहे, टीव्ही त्यांचा, खुर्च्या त्यांच्या." तुम्ही फक्त "ठीक आहे" म्हणालात. घरी आल्यावर मात्र जेवताना आईने दोनदा विचारलं तरी आमटी घेतली नाहीत.

बोरिवलीच्या संघाशी आपण घरीच हरलो त्या संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं होतं. खोलीत आपण चौघेच होतो. मी म्हटलं, "अण्णा, ती पट्टी काढा ना. आपण कुठे कोणाला फसवतोय? घरचा बोर्ड आहे आपला, जसा आहे तसा आहे."

तुम्ही सोंगट्या डबीत भरत होतात. वर न बघता म्हणालात, "घरी आलेल्या माणसाला तू वाकड्या पाटावर बसवतोस का रे?"

"सगळे बसवतात."

"मग सगळ्यांकडे जा खेळायला."

रिक्षावाला मध्ये पडला. "सोड ना यार. आपली वाट लागली तरी चालेल, पाणसळ लागलीच पाहिजे." पोस्टमन हसला. तुम्हीही थोडे हसलात. मी नाही हसलो. त्याला कारण होतं, आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही कारखान्यातून सातला यायचात. मी पाचलाच खोली उघडून एकटा सराव करायचो, आणि एकट्यासाठी पट्टी लावायचा मला कंटाळा यायचा. वर्षभर मी उतरत्या बोर्डावरच खेळत होतो. दाराकडे सोंगटी किती पळते, खिडकीकडे कुठे दम सोडते, हे मला डोळे मिटून कळायचं. तुम्ही मात्र तो बोर्ड सपाट सोडून कधी पाहिलाच नव्हता.

शेवटचा सामना मुलुंडशी, रविवारी दुपारी, घरी. तो जिंकला तरच आपण पहिल्या गटात राहणार होतो. त्यांचा कप्तान बँकेत साहेब होता, पांढरा सफारी, बोटाला पावडर लागली की रुमालाने पुसणारा. तुम्ही पट्टी सारली, पाणसळ ठेवली, त्याला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "कमाल आहे तुमची. आमच्याकडे तर हा उद्योग कोणी करत नाही." पोस्टमन जिंकला. रिक्षावाला तिसऱ्या गेममध्ये एका सोंगटीने हरला आणि बाहेर जाऊन आपल्याच रिक्षात बसून राहिला. एक-एक. आता दुहेरी. मध्ये चहा होता, सगळे बाहेर कठड्यापाशी उभे. सेक्रेटरीही आला होता आणि त्याच्याबरोबर एक अनोळखी माणूस, जो दारातून डोकावून खोली डोळ्यांनी मोजत होता. टीव्ही कुठे ठेवायचा ते बघत असावा. मी चहाचा ग्लास ठेवायला आत गेलो. आत कोणी नाही. मी एका हाताने बोर्डाची कड उचलतो, दुसऱ्या हाताने पट्टी ओढतो, कड सावकाश खाली ठेवतो. पट्टी पँटच्या खिशात जाते. चार श्वासांचंही काम नाही ते.

तुम्ही दाराकडे पाठ करून बसलात, मी समोर खिडकीकडे, मुलुंडचा बँकवाला आणि त्याचा जोडीदार दोन बाजूंना. म्हणजे माझे लांबचे फटके उताराने तुमच्या बाजूच्या पॉकेटकडे जाणार होते, आणि तुमचे चढावर माझ्या बाजूला. हे मी आधी बघायला हवं होतं. मी फक्त मुलुंडचा विचार केला होता. पहिल्या डावात मी सलग पाच सोंगट्या घातल्या. रिक्षावाला दारात येऊन उभा राहिला, "झकास रे!" तुमची पाळी आली. तुमचा खेळ हलका असायचा, बोटाचा नुसता स्पर्श, सोंगटी जेवढी जायला हवी तेवढीच जायची, तसूभरही पुढे नाही. तुम्ही एक सोपी सरळ सोंगटी मारली. ती पॉकेटच्या तोंडाशी, बोटभर अलीकडे थांबली. तुम्ही तिच्याकडे पाहत राहिलात. दुसऱ्या पाळीला पुन्हा तेच. मग तिसऱ्यालाही.

तरी पहिला गेम आपण जिंकला. दुसऱ्या गेममध्ये बँकवाल्याने हात वर केला. त्याची सोंगटी दाराच्या बाजूला वाहवली होती. "कप्तान, बोर्ड उतरतोय का हो थोडा?"

माझा हात खिशाकडे गेला. पंच तुमच्याकडे बघू लागला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही. मी स्वतः पाणसळ लावलीय. तुम्ही बघितलंयत."

"हो हो, बघितलंय," तो लगेच म्हणाला. "तुमचा शब्द म्हणजे झालं. माझंच चुकलं असेल."

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पंचांनी फार तर गेम पुन्हा घ्यायला लावला असता, फार तर सामना गेला असता, खोली गेली असती. पण त्या वाक्याआधी तुम्ही शब्द देऊन बसला होतात, आणि मी बोललो असतो तर तो तुमचा शब्द खोटा पडला असता, ह्या सगळ्या माणसांसमोर. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी जिंकत होतो.

तो गेम ते जिंकले. तिसऱ्या गेमच्या शेवटच्या डावात त्यांची एक सोंगटी उरली होती, आपल्या दोन, आणि राणी मी घेऊन आधीच झाकली होती. पाळी तुमची. सोंगटी पॉकेटपासून हातभर, मध्ये काही नाही. मला अजून तुमचं बोट दिसतं. नखाखाली ग्रीसची ती काळी रेघ, जी कितीही घासली तरी जायची नाही. तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ घेता. फटका बसतो. सोंगटी निघते, मंदावते, थांबते. अलीकडेच. तुम्ही बोट मुठीत घेता आणि दुसऱ्या हाताने चोळता, थंडीत चोळावं तसं, आणि ते एप्रिलमध्ये. मुलुंडचा माणूस चुकला. माझी पाळी आली आणि मी दोन्ही सोंगट्या घातल्या, एकामागून एक, उताराने जणू हात धरून नेल्या.

रिक्षावाल्याने मला उचललं. पोस्टमन रडत होता. सेक्रेटरीने तुमचा हात हातात घेतला, तो अनोळखी माणूस केव्हा गेला कळलंही नाही. बँकवाला तुम्हाला म्हणाला, "पोरगा तयार झाला हो तुमचा." बोर्ड भिंतीला टेकवताना मी पट्टी हळूच खाली टाकली. तुम्ही ती उचललीत, पावडर पुसलीत आणि कोनाड्यात पाणसळीशेजारी ठेवलीत. तुम्हाला काही कळलं नव्हतं, हे मला नक्की माहीत आहे. कळलं असतं तर तुम्ही त्याच पावली मुलुंडला गेला असता.

मग सगळे बाहेर गेल्यावर तुम्ही खिशातून स्ट्रायकर काढलात. तुमचा स्वतःचा, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत घासून घासून गोल केलेला, ज्याला घरात कोणी हात लावायचा नाही. तो माझ्या तळहातावर ठेवलात. "आता तू. माझा फटका पोचत नाही."

मी म्हटलं, "अण्णा, एक दिवस असतो असा."

"बोटाला कळतं रे. डोळ्यांना उशिरा कळतं." आणि मग ते, ज्याची मी चोवीस वर्षं वाट पाहिली होती. "तुझा हात चांगला आहे."

त्यानंतर तुम्ही खेळला नाहीत. सामन्याला यायचात, पट्टी लावायचात, पाणसळ ठेवायचात, समोरच्याला बोलवायचात आणि मागच्या बाकावर बसायचात. मला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. पावसाळ्यात एक दिवस आईने स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, की तुम्ही साहेबांना भेटून लेथवरून उतरलात, स्वतःहून. स्टोअरमध्ये हत्यारं द्यायच्या खिडकीवर बसता. "म्हणतात, हाताचा भरवसा नाही, कोणाचं काम बिघडायला नको. एवढं काय झालं रे त्यांच्या हाताला? घरात तर एक कप हलत नाही." मी म्हटलं, वय होतं आई. तुम्ही बावन्न वर्षांचे होतात. निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं तुम्ही त्या खिडकीवर काढलीत, दुसऱ्यांच्या हातात पान्हे आणि कटर देत. खोली आणखी तीन मोसम आपल्याकडे राहिली, मग मंडळानेच ती विकली.

मी पुष्कळदा सांगायला निघालो. एकदा तुमच्यासोबत मनोरीला जाताना होडीत, एकदा दवाखान्यात, शेवटच्या आधीच्या आठवड्यात. तुम्ही पाणी मागितलंत, मी ग्लास धरायला गेलो, आणि तुम्ही तो माझ्याकडून घेऊन एका हाताने प्यायलात. एक थेंब सांडला नाही. मी ग्लास परत ठेवला.

तुमचा फटका पोचत होता, अण्णा. बोर्ड कललेला होता, पट्टी माझ्या खिशात होती. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली आणि आता ते पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच बहुधा लिहिता आलं. कागद घडी करून त्या पिवळ्या फडक्यात ठेवतो, पाणसळीबरोबर. पण मग आणखी एक गोष्ट लिहून टाकायला हवी, नाहीतर हेही वाकडंच राहील. त्या दुपारी तुम्ही स्ट्रायकर माझ्या हातावर ठेवलात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो किती जड आहे, ते पाहिलं.